धीराचा शब्द आणि बर्णबाचा हात



आज शनिवार. दुपारचे तीन वाजून गेलेत आणि चार वाजता मला एक फोन करायचाच आहे, तेव्हा आज मी घड्याळ समोर ठेवून बोलणार आहे. फोन कुणाला ते शेवटी सांगते.

मागच्या भागानंतर हुबळीहून एका भगिनीचा निरोप आला. त्यांच्या शेजारच्या बाईंचे यजमान वर्षभर अंथरुणावर आहेत. या भगिनी रोज सकाळी त्या बाईंना मोबाइलवर एक वचन पाठवतात, गुलाबाच्या फुलाच्या चित्रासकट. सुरुवातीला पलीकडून हात जोडल्याचं चिन्ह यायचं. आता नुसत्या दोन निळ्या खुणा दिसतात. निरोपात त्यांनी विचारलंय, "ताई, खचलेल्या माणसाला धीर देण्यासाठी कोणतं वचन पाठवावं?"

प्रश्न प्रामाणिक आहे. आणि हसू नका, गुलाबाची चित्रं आपण सगळेच पाठवतो. माझ्या मोबाइलमध्येही अशी शे-दीडशे असतील. पण मला उत्तर देता येईना. मी एकतीस वर्षं बडोद्याच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. खचलेली माणसं रोज पाहिली. त्यांच्याशी काय बोलावं हे मला येतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो कसा मोडला ते आज सांगायचंय. पण आधी शास्त्रातल्या एका माणसाकडे जाऊ, कारण मला जे उशिरा कळलं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं.

प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय, शेवटची दोन वचनं. कुप्र बेटातला एक लेवी. आईबापांनी ठेवलेलं नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला दुसरं नाव दिलं, बर्णबा. आपल्या मराठी शास्त्रात त्याचा अर्थ दिलाय 'बोधपुत्र'. लहानपणी हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे बोध करणारे, म्हणजे उपदेश करणारे कुणीतरी बुवा यायचे. पुढे एका पाळकांनी मला मूळ ग्रीक शब्द समजावून दिला. तो आहे 'पाराक्लेसिस'. कुणाला तरी आपल्या बाजूला बोलावणं, जवळ उभं राहून धीर देणं, पुढं व्हायला सांगणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. आणि योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना पवित्र आत्म्याविषयी सांगतो तिथं याच मुळापासून झालेला शब्द आहे. तिथं मराठी शास्त्र काय म्हणतं? 'कैवारी'.

कैवारी! कैवार घेणं म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. भांडणात आजी नातवाचा कैवार घेते. कैवार घेणारा माणूस लांबून शुभेच्छा देत नाही, तो मध्ये येऊन उभा राहतो, आणि कधीकधी फटका त्यालाच बसतो. बर्णबाला मी आता मनातल्या मनात कैवाराचा पुत्र म्हणते. भाषांतरकार माझ्यावर रागावतील, रागावू देत.

आणखी एक गंमत पाहा. ज्याचं नावच धीर देण्यावरून पडलं, त्याच्या एकट्याच्या तोंडचं एकही भाषण बायबलात लिहिलेलं नाही. पेत्राची आहेत, स्तेफनाचं तर भलं मोठं आहे, पौलाची कितीतरी आहेत. बर्णबाचं नाही. तो कुठं गेला, कुणाला घेऊन आला, कुणासाठी भांडला एवढंच लिहिलंय. चौथ्या अध्यायात तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा काय करतो? शेत विकतो आणि पैसे आणून प्रेषितांच्या पायांशी ठेवतो. मंडळीतल्या गरजवंतांसाठी. तोंड उघडण्याआधी हात उघडलेला माणूस आहे हा.

आता नवव्या अध्यायात या. शौल यरुशलेमेत आलाय. दिमिष्काच्या वाटेवर प्रभू त्याला भेटलाय, पण हे यरुशलेमेतल्या विश्वासणाऱ्यांना कुठं माहीत? त्यांना माहीत आहे तो घराघरांत शिरून माणसांना ओढून तुरुंगात टाकणारा शौल. स्तेफनाला धोंडमार झाली तेव्हा कपडे राखत उभा असलेला शौल. तो म्हणतो, मी आता तुमच्यातला आहे. कोण विश्वास ठेवणार? मी ठेवला नसता. आपल्या मंडळीत एखादा माणूस वर्गणीचा हिशेब चुकवून गेला आणि दोन वर्षांनी परत आला, तरी आपण बाकावर जरा सरकून बसतो. इथं तर जिवाचा प्रश्न होता.

बर्णबा त्याला बरोबर घेतो आणि प्रेषितांकडे नेतो. मग तो काय सांगतो, तेही नीट पाहा. 'हा मनानं चांगला आहे हो' असं तो म्हणत नाही. तो तीन गोष्टी सांगतो. वाटेत याला प्रभू दिसला. प्रभू याच्याशी बोलला. आणि दिमिष्कात यानं येशूच्या नावानं उघडपणे भाषण केलं. तिन्ही घडलेल्या गोष्टी. आणि त्या सांगताना त्यानं पणाला काय लावलं? स्वतःचं नाव. शौल खोटा निघाला असता तर यरुशलेमेत बर्णबाचं तोंड कुणी पाहिलं नसतं.

हा भाग मी कितीतरी वेळा वाचला असेल. पण तो मला समजलेला होता, वाचण्याच्याही आधी. कसा, ते सांगते.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. 1977 साली एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेले. आताच्या मुलींना खरं वाटणार नाही, पण तेव्हा इंजेक्शनच्या सिरिंजा काचेच्या असत. वापरल्या की धुवायच्या, स्टरिलायझरमध्ये उकळायच्या, पुन्हा वापरायच्या. नळी आणि दट्ट्या यांची जोडी ठरलेली असे. एकाचा दट्ट्या दुसऱ्याला बसत नसे. एक नळी फुटली की जोडीच गेली. सुयासुद्धा दगडावर घासून धार लावून वापरायचो. वस्तू जपून वापरायची हा तिथला पहिला धडा होता, कारण पैसा नव्हताच.

आणि माझे हात थरथरायचे. भीतीनं. पहिल्या चार महिन्यांत माझ्या हातून थर्मामीटर फुटले. मग एका सकाळी उकळलेल्या सिरिंजांचा पूर्ण ट्रे दारात अडखळून पडला. बारा सिरिंजा. तो आवाज अजून कानात आहे. वॉर्डातले सगळे रोगी उठून बसले.

मेट्रन बाईंनी ऑफिसात बोलावलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहायचं ठरवलं होतं. मुलगी या कामाला योग्य नाही, घेऊन जावी. मी दारापाशी उभी. माझ्या मनात हॉस्टेलच्या खाटेखाली ठेवलेली पत्र्याची ट्रंक. ती घेण्यासाठी वडिलांनी उसने पैसे काढले होते, ते फिटलेही नव्हते.

तेवढ्यात आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर आत आल्या. त्यांचं नाव मी घेत नाही, त्यांना आवडणार नाही. कडक बाई. माझ्याशी चार महिन्यांत एकदाही गोड बोललेल्या नव्हत्या. मला वाटलं, झालं, आता आणखी तक्रार. त्या मेट्रन बाईंना म्हणाल्या, "सिरिंजा फुटल्या हे खरं आहे बाई. थर्मामीटर फुटले हेही खरं. पण परवा रात्री अकरा नंबरच्या म्हातारीला धाप लागली ती हिनं ओळखली. मी दोनदा तिथून गेले, माझ्या लक्षात आलं नव्हतं. हिला तीन महिने माझ्या वॉर्डात राहू द्या. हिच्या हातून काही फुटलं तर माझ्या पगारातून कापा."

मेट्रन बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी लिहायला घेतलेलं पत्र खणात टाकलं.

बाहेर आल्यावर मी रडत होते. वाटलं, आता त्या पाठीवरून हात फिरवतील. त्या म्हणाल्या, "ट्रे उचलतेस तेव्हा तुझे खांदे कानापर्यंत जातात. आधी खांदे सैल सोड, मग उचल. आणि डोळे पूस, दहाची इंजेक्शनं द्यायचीत."

त्या तीन महिन्यांत माझ्या हातून आणखी दोन सिरिंजा फुटल्या. सिस्टरांचा पगार कापला गेला का, ते मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पण तिसरी फुटली नाही.

तर शौल यरुशलेमेच्या दारात उभा असताना त्याच्या छातीत काय होत असेल, हे मला ठाऊक आहे. आणि बर्णबा आत आला तेव्हा काय झालं असेल, तेही.

आता तुम्ही म्हणाल, मग हिला तेव्हापासूनच सगळं समजलं असणार. नाही समजलं. आपल्याला कुणी धीर दिला म्हणून आपल्याला तो देता येतो असं नाही.

लग्नानंतर मी बडोद्याला आले, यजमान रेल्वेत होते. तिथल्या हॉस्पिटलात लागले, गुजराती शिकले. माझी एक ख्याती झाली की ही सिस्टर फार गोड बोलते. लोक म्हणायचे, रात्रपाळीला या मराठी बेन असल्या की बरं वाटतं. मला त्याचा अभिमान होता. प्रभूनं मला धीर देण्याचं दान दिलंय असं मी उपासनेत साक्षीतसुद्धा सांगितलं होतं.

एकदा पंचमहालातले एक शेतकरी आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. फार उशीर झाला होता. डॉक्टर राउंडला येत, खाटेपाशी उभं राहून आपसात इंग्रजीत बोलत, पुढं जात. मला त्यातलं कळत होतं. बापाला काही कळत नव्हतं. ते रोज रात्री मला विचारायचे, आणि मी रोज रात्री म्हणायचे, "सारू थई जशे, काका. भगवान पर भरोसो राखो." बरं होईल, देवावर भरवसा ठेवा. ते मान डोलवायचे आणि खाटेखाली सतरंजीवर आडवे व्हायचे.

त्या मुलाला एक मोठी बहीण होती, सुरतेला दिलेली. मुलगा तिचं नाव काढायचा. वडील म्हणायचे, "तिचं बाळ लहान आहे, उगाच धावपळ कशाला? तू घरी आलास की बोलावू." मी तिथंच उभी असायचे. सलाईनचे थेंब मोजत.

गुरुवारी पहाटे मुलगा गेला. बहीण पोहोचली दुपारी.

ते काका मला जिन्यात भेटले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बेन, तमने खबर हती?" तुम्हाला माहीत होतं?

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात विसावं वचन आहे, काढून पाहा. दुःखी माणसापुढे गाणी गाणाऱ्याची तुलना तिथं थंडीच्या दिवसांत कुणाच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणाऱ्याशी केलीय. त्या दिवसानंतर मला ते वाचवेना. मी त्या माणसाच्या अंगावर शाल घालतेय असं मला वाटत होतं, आणि मी त्याचे चार दिवस काढून घेतले होते. त्या चार दिवसांत सुरतेहून मुलगी आली असती. भावाशी बोलली असती.

आणि खरं सांगायचं तर ते गोड शब्द मी त्यांच्यासाठी बोलतच नव्हते. माझ्यासाठी बोलत होते. 'सारू थई जशे' म्हटलं की ते गप्प होत आणि मला पुढच्या खाटेकडे जाता येई. मला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. प्रभूचं नाव मी दार लावून घ्यायला वापरलं.

यावर कुणी म्हणेल, नर्सनं काय करायचं, रोगाविषयी सांगणं हे डॉक्टरांचं काम. अगदी बरोबर. मीसुद्धा स्वतःला हेच सांगितलं, पुष्कळ दिवस. मग एक दिवस तोच नववा अध्याय वाचताना थांबले. बर्णबानं शौलाला प्रेषितांकडे नेलं. नेलं! मला त्या काकांना रोगाचं काही सांगायचं नव्हतंच. मी त्यांना डॉक्टरांच्या खोलीत नेऊ शकले असते. "साहेब, हे विचारताहेत, यांना गुजरातीत सांगा," एवढं म्हणू शकले असते. फार तर डॉक्टर माझ्यावर खेकसले असते.

त्यानंतरची जी वर्षं मी नोकरी केली, त्यात माझं एक वाक्य ठरलेलं असे. नातेवाईक विचारायला लागले की म्हणायचे, "चला, मी तुमच्याबरोबर येते, डॉक्टरांना विचारू." आणि परत आल्यावर, "कुणाला बोलवायचं असेल तर आज बोलवा. मी सकाळपर्यंत इथंच आहे." यात गोड काहीच नाही. दोन-तीनदा डॉक्टर खरंच खेकसले. पण लोक फोन करायला उठायचे. खचून बसलेला माणूस उठून काहीतरी करायला लागतो ना, ते मी तिथं पाहिलं. 'सारू थई जशे'नं कुणी कधी उठलं नव्हतं.

माझी मुलगी मंडळीच्या गायकवृंदात गायची. घरी सराव करायची आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "छान!" एकदा ती म्हणाली, "आई, तू न ऐकताच छान म्हणतेस." कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आता काय बोलणार?

असो. एलीयाकडे एकदा पाहून घेऊ, कारण हुबळीच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडतं. पहिला राजे, एकोणिसावा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता मरण दे. देव दूत पाठवतो. दूताजवळ केवढी वचनं असतील! तो त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. मग पुन्हा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, आणि आता म्हणतो की पुढची वाट तुला झेपणारी नाही. देवाचं बोलणं पुढं आहे, डोंगरावर. आधी दोन जेवणं आणि दोन झोपा.

आणि ईयोबाचे मित्र? आपण त्यांना फार नावं ठेवतो. पण सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, एक शब्दही न बोलता. आपल्यातलं कोण सात दिवस बसतं? आठव्या दिवशी उठून घरी गेले असते तर आज त्यांच्या नावानं प्रार्थनामंदिरं असती. पण त्यांनी तोंड उघडलं.

तर हुबळीच्या ताई, तुम्ही वचन पाठवू नका असं मी म्हणत नाही. पण आधी त्यांचं दार वाजवा आणि म्हणा, "आज दुपारी दोन तास मी तुमच्या यजमानांजवळ बसते, तुम्ही बँकेचं काम करून या." वर्षभर अंथरुणाला असलेल्या माणसाच्या बायकोचं बँकेचं काम राहिलेलंच असतं. दवाखान्याची बिलं, हयातीचा दाखला, काहीतरी असतंच. त्या परत आल्या की चहा घ्या. मग त्या काय बोलतात ते ऐका. वचन तुम्हाला तिथं आठवेल. कदाचित एकही आठवणार नाही, तेही चालेल.

बर्णबाकडे परत येते, कारण त्याची गोष्ट इथं संपत नाही आणि पुढचा भाग आपल्याला जरा जड जातो.

अकराव्या अध्यायात तो अंत्युखियात आहे. तिथली मंडळी झपाट्यानं वाढतेय आणि शिकवायला माणूस हवा. शौल तोवर तार्साला, आपल्या गावी जाऊन राहिलाय. काही वर्षं त्याचं नाव कुठंच नाही. बर्णबा त्याला शोधायला निघतो. अंत्युखिया ते तार्स जमिनीच्या वाटेनं दोनशे किलोमीटरहून जास्त. बडोद्याहून वलसाडला चालत जाण्याएवढं म्हणा. निरोप पाठवला नाही, स्वतः गेला. त्याला शोधून अंत्युखियात आणलं, आणि वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथंच पडलं. आपलं हे नाव!

इथून पुढं वाचताना नावांचा क्रम पाहा. आधी 'बर्णबा आणि शौल' असं येतं. तेराव्या अध्यायाच्या मध्यापासून 'पौल आणि बर्णबा' व्हायला लागतं. ज्याला हाताला धरून आणलं तो पुढं गेला. बर्णबानं कुठं कुरकुर केल्याची नोंद नाही. मला हे वाचताना त्याच्या शेत विकण्यापेक्षा हे अवघड वाटतं. मी शिकवलेली एक मुलगी पुढं माझीच वरिष्ठ झाली, तेव्हा तिचं अभिनंदन करताना माझा आवाज कसा निघाला होता ते मला माहीत आहे.

आणि मग पंधरावा अध्याय. योहान, ज्याला मार्क म्हणत, पहिल्या फेरीत त्यांना पंफुल्यात सोडून परत गेला होता. दुसऱ्या फेरीला बर्णबा म्हणतो, त्याला घेऊ. पौल म्हणतो, नाही. दोघांचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला. कृत्यांच्या पुस्तकात त्यानंतर बर्णबा पुन्हा दिसत नाही.

पौल चुकला असं मी म्हणणार नाही. वाट धोक्याची होती. अर्ध्यावर सोडून गेलेल्या पोराला पुन्हा नेऊ नये हा हिशेब बरोबरच आहे. आमच्या मेट्रन बाईंचाही बरोबर होता. हॉस्पिटल गरिबांचं, बारा सिरिंजांचे पैसे कुठून आणायचे? मार्क बर्णबाचा भाऊबंद होता हे कलस्सैकरांच्या पत्रात आहे, म्हणून त्यानं कैवार घेतला असंही कुणी म्हणेल. असेलही. पण ज्या शौलासाठी आपलं नाव पणाला लावलं, त्याच्याशीच एका पळून गेलेल्या मुलासाठी तोडायची वेळ आली, आणि त्यानं तेही केलं.

पुढं म्हातारा, तुरुंगातला पौल तीमथ्याला दुसरं पत्र लिहितो. चौथा अध्याय, अकरावं वचन. मार्काला बरोबर घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे, अशा अर्थाचं लिहितो. त्याच मार्काला! मधल्या वर्षांत बर्णबा मार्काशी काय बोलला असेल, ते कुठंही लिहिलेलं नाही. मला फार ऐकायला आवडलं असतं. बहुधा खांदे सैल सोड असंच काहीतरी असेल. आणि मंडळीची परंपरा मानायची तर मार्काच्या नावाचं शुभवर्तमान, सोळा अध्याय, याच मुलाचं.

नगरची आहे म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि पुढं नगरला राहिले. त्यांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या खानदेशातल्या एका कोवळ्या मुलाची कविता ओळखली. 'छान लिहितोस, लिहीत जा' एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो मुलगा टिळकांच्या घरात येऊन राहिला, त्यांच्या कुटुंबातला झाला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये या ठोमऱ्यांविषयी घरच्या माणसाविषयी लिहावं तसं लिहिलंय. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्या मुलाला 'बालकवी' हे नाव मिळालं. ते आज शाळेत शिकवतात, मग तुमची शाळा इंदूरची असो की बेळगावची. 1918 साली रेल्वेखाली सापडून ते गेले, तिशीही गाठली नव्हती. टिळकांच्या कविता आपण उपासनेत गातो, पण त्यांच्या घरच्या पानावर वाढलेलं एक जादा ताट मला जास्त आठवतं.

आता तो चार वाजताचा फोन.

मागच्या वर्षी हॉस्टेलच्या एका मैत्रिणीकडून आमच्या त्या इन्चार्ज सिस्टरांचा नंबर मिळाला. त्यांनी ऐंशी ओलांडलीय. पुतण्याकडे राहतात, गुडघ्यांमुळे चालता येत नाही. मी फोन केला, नाव सांगितलं, सिरिंजांचा ट्रे, मेट्रन बाईंचं ऑफिस, सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत आभार मानायचे राहिले होते, म्हटलं.

त्या म्हणाल्या, "मला नाही आठवत गं काही. पगारातून कापा म्हणाले मी? पगार होता तरी केवढा तेव्हा!"

मग थोडं थांबून म्हणाल्या, "आता मी कुणाच्याच उपयोगाची राहिले नाही बघ."

माझ्या तोंडावर तयार उत्तर आलं होतं. असं म्हणू नका सिस्टर, देव आहे, सगळं ठीक होईल. जिना आठवला आणि थांबले. जे घडलं होतं तेच सांगितलं. म्हटलं, "सिस्टर, बडोद्याला माझ्या हाताखाली पुष्कळ मुली आल्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी मी ट्रे उचलायला लावला आणि म्हटलं, आधी खांदे सैल सोड."

पलीकडे शांतता. मग आवाज आला, "आणि फुटायचं का काही?"

"नाही हो सिस्टर. सिरिंजा आता प्लास्टिकच्या आहेत."

त्या इतक्या हसल्या की पुतण्याची बायको काय झालं म्हणून पाहायला आली. फोन ठेवताना म्हणाल्या, "शनिवारी चारला सगळे बाहेर असतात. पुन्हा करशील?"

पावणेचार होऊन गेलेत. आपण डोकी लववू या.

प्रभू येशू, पंचमहालातल्या त्या बापासाठी आणि सुरतेच्या त्या बहिणीसाठी मी आजही तुझ्याकडे येते. मी त्यांना जे दिलं नाही ते तू दे. हुबळीच्या त्या घरातल्या आजारी भावाला आणि त्याच्या बायकोला आज रात्री झोप लागू दे. आणि हे ऐकताना ज्याच्या मनात कुणाचा तरी चेहरा आला असेल, त्याला त्या दारापर्यंत जायला पायांत बळ दे. तुझ्याच नावात मागते. आमेन.